रक्त आलं नाही म्हणून

फुटबॉलमध्ये खेळाडूला रक्त आलं की रेफरीला विचार करत बसावं लागत नाही. नियमच आहे. खेळाडूनं बाहेर जायचं, रक्त थांबवायचं, जर्सीला लागलं असेल तर ती बदलायची आणि रेफरीची खात्री पटल्याशिवाय आत यायचं नाही. यावर कुणी वाद घालत नाही. डोक्याला मुका मार बसतो तेव्हा मात्र दाखवायला काहीच नसतं. पोरगं उठतं, गुडघ्यावरची माती झटकतं आणि बाहेरून पन्नास तोंडांतून एकच आवाज येतो, "कांय जावंक ना रे, खेळ!" म्हणजे काही झालं नाही रे, खेळ.

मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात खेळाची टीचर होते. आता निवृत्त आहे, पण संध्याकाळ झाली की पाय मैदानाकडेच वळतात. आमच्याकडे सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात कापून झालं की ज्या शेतांत वायंगण, म्हणजे उन्हाळी पीक, घेत नाहीत तिथे गोलपोस्ट उभे राहतात. चुन्याच्या रेघा पडतात, मंडप लागतो, बक्षिसाची रक्कम बॅनरवर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत येते. लाउडस्पीकरवरचा समालोचक सुरुवात शुद्ध मराठीत करतो आणि गोल झाला रे झाला की कोकणीत शिरतो. रस ऑम्लेटच्या गाड्यावर दोन्ही गावांची माणसं एकाच बाकावर बसतात. हे सगळं मला मनापासून आवडतं. पुढे जे लिहिणार आहे ते या खेळाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवते.

गेल्या मोसमात अशाच एका स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात माझा भाचा फुलबॅक, म्हणजे बचावपटू, होता. दहावीतला पोर, उंचीनं मात्र बापाच्या वर गेलेला. कॉर्नरवरून उंच चेंडू आला. तो आणि समोरचा स्ट्रायकर एकदमच उडाले आणि डोक्यावर डोकं आपटलं. आवाज मंडपापर्यंत आला. स्ट्रायकरची भुवई फुटली, रक्ताची धार डोळ्यावर उतरली, आणि अख्खं मैदान त्याच्याकडे धावलं. बर्फ, कापूस, पाण्याची बाटली, कुणाचा तरी रुमाल. भाचा तोवर स्वतःच उठून उभा राहिला होता. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, कारण पाहण्यासारखं काही नव्हतं.

मला खटकली ती बुटाची नाडी. ती सुटली होती. बांधायला म्हणून तो खाली बसला, दोन्ही टोकं हातात घेतली आणि तसाच बसून राहिला. बोटं हलत होती, गाठ पडत नव्हती. मग नाडी तशीच सोडून उठला आणि आपल्या गोलकडे जायचं सोडून समोरच्या गोलकडे चालू लागला. एका सोबत्यानं हसत हसत दंडाला धरून त्याला वळवलं. मी टचलाइनवर गेले, हाक मारली, स्कोर काय झाला म्हणून विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मंडपाकडे पाहिलं आणि मलाच विचारलं, "मावशे, आमी खंयच्या गोलार मारतात?" आपण कुठल्या गोलवर मारतोय हेच त्याला उमगत नव्हतं.

त्यांचा कोच माझा जुना विद्यार्थी. त्याला म्हटलं, याला आत्ताच्या आत्ता बाहेर काढ. तो कळवळून म्हणाला, "टीचर, बदली खेळाडू संपले. काढला तर दहाच उरतात. पंधरा मिनिटंच तर राहिलीत." भाचा मागून म्हणतच होता, "म्हाका कांय जावंक ना. खेळतां हांव." कोचनं त्याला काढलं. संघ दहा जणांवर आला आणि शेवटच्या मिनिटांत गोल खाऊन हरला. त्यानंतर कितीतरी दिवस त्या कोचला चहाच्या दुकानावर सुखानं बसू दिलं नाही कुणी. ज्याची भुवई फुटली होती तो पट्टी बांधून परत आला आणि शिट्टी होईपर्यंत खेळला. त्याचं रक्त थांबलंय ना, हे रेफरीनं दोनदा वाकून पाहिलं. डोक्याचं कुणीच विचारलं नाही. मार तर दोघांनाही सारखाच बसला होता.

तेव्हापासून एक गोष्ट मनात ठाण मांडून बसली आहे. खेळायचं की थांबायचं हे ज्याला लागलंय त्याला विचारायचं नसतं. उत्तर ज्यानं द्यायचं त्या मेंदूलाच मार बसलेला असतो. आणि त्याच्या कोचलाही विचारायचं नसतं, कारण त्याच्या डोळ्यांसमोर दहा आणि अकराचा हिशेब असतो.

हे फक्त आमच्या शेतातल्या मैदानावर होतं असंही नाही. २०१४ च्या विश्वचषकाची फायनल आठवा, रिओतली, जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना. जर्मनीचा क्रिस्टोफ क्रॅमर अर्जेंटिनाच्या गराईच्या खांद्यावर आदळला. जगातले निष्णात डॉक्टर हाताशी, शेकडो कॅमेरे रोखलेले, आणि हा पठ्ठ्या त्यानंतर चौदा मिनिटं खेळत राहिला. मध्येच त्यानं रेफरी निकोला रिझोली यांना गाठून विचारलं, ही फायनलच आहे ना? रिझोलींना आधी वाटलं, हा थट्टा करतोय. मग त्यांनी त्याच्या सोबत्यांना सांगितलं आणि तो बाहेर गेला. त्या सामन्यातलं क्रॅमरला पुढे जवळजवळ काहीच आठवलं नाही. विश्वचषकाच्या फायनलमध्येसुद्धा शेवटी ओळखलं ते एका रेफरीच्या कानांनी.

आत नक्की होतं काय, हे मी शिक्षिका असताना पोरांना फळ्यावर काढून दाखवत असे. मेंदू कवटीला घट्ट चिकटलेला नाही, तो पाण्यासारख्या द्रवात तरंगतो. डोकं एकदम हललं, विशेषतः गर्रकन फिरलं, की कवटी पुढे जाते आणि मेंदू मागे राहतो. भरलेली कळशी झटक्यात फिरवली की कळशी फिरते, आतलं पाणी जागेवरच राहतं, तसं. त्या ओढाताणीत मज्जापेशींचे लांबलचक तंतू ताणले जातात. पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं, कॅल्शियम आत घुसतं, आणि घडी पुन्हा बसवायला पेशींना भरमसाट ऊर्जा लागते. नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. मागणी मोठी आणि पुरवठा तोकडा, अशी ही अवस्था काही दिवस, कधी काही आठवडे टिकते. यालाच कन्कशन म्हणतात. यात कुठे भेग पडत नाही, बहुतेक वेळा रक्ताची गाठही होत नाही, म्हणून सीटी स्कॅन स्वच्छ येतो. शुद्ध हरपली तरच कन्कशन, ही समजूत तर पार चुकीची आहे. दहातल्या नऊ वेळा शुद्ध जातच नाही.

हेल्मेटचंही असंच. हेल्मेट कवटी वाचवतं, आणि त्याचं मोल मोठं आहे. मोटारसायकलवरून पडलेली पोरं बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, रोज जातात त्या गोव्यात हे वेगळं सांगायला नको. पण आतला मेंदू फिरायचा तो फिरतोच. सामानानं हा प्रश्न सुटत नाही, हे संशोधकांना हळूहळू कळत गेलं. मुलांच्या आइस हॉकीत एकमेकांना अंगानं धडक मारायलाच बंदी घातली तेव्हा कन्कशनचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. कुठल्याही टोपीनं एवढं केलेलं नाही, ते एका नियमानं केलं.

भाच्याला त्या संध्याकाळी जवळच्या इस्पितळात नेलं. स्कॅन नॉर्मल आला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि सांगितलं, काही नाही, दोन दिवसांनी खेळू दे. बहिणीचा जीव भांड्यात पडला. पण पुढच्या दिवसांत घरातल्यांना वेगळाच पोर दिसू लागला. ट्यूबलाइट डोळ्यांना खुपायची. प्रिलिम तोंडावर, पुस्तक उघडायचा, दुसऱ्या पानावर डोकं ठणकायला लागायचं. एरवी आजीशी हळू बोलणारा, तो तिच्या अंगावर खेकसला आणि मग कोपऱ्यात बसून रडला. शेजारचे म्हणाले, अभ्यास टाळायचे चाळे. हे ऐकून मला फार लागलं. पायाला प्लास्टर असतं तर हेच लोक शहाळं घेऊन आले असते.

अशा वेळी करायचं काय, याचं उत्तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरंच बदललं आहे. २००१ मध्ये व्हिएन्नात या विषयातले डॉक्टर पहिल्यांदा एकत्र बसले. त्यानंतर प्राग, झुरिक, बर्लिन, आणि २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम. दर वेळी आधीचं काही खोडलं, काही नवं घातलं. पूर्वी सांगायचे, अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवा, काहीच करू देऊ नका. आता सांगतात, पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल-टीव्ही कमी, आणि मग झेपेल तसं हळूहळू चालायला लावा. लहान मुलांना बरं व्हायला चार आठवडेही लागू शकतात. आणि आधी शाळा, मग खेळ.

खेळाकडे परतायच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, आणि एका पायरीवर किमान एक दिवस थांबायचं. आम्ही त्या आमच्या पद्धतीनं चढलो. आधी देवळाच्या तळीपर्यंत चालत जाऊन येणं. मग सायकल. मग धाकट्या भावाबरोबर अंगणात पासिंग, पण हेडिंग अजिबात नाही. मग संघाबरोबर सराव, पण धक्काबुक्की नाही. मग डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावर पूर्ण सराव, आणि शेवटी सामना. डोकं दुखायला लागलं की एक पायरी खाली. सायकलच्या पायरीवर तो अडकला, चिडला, पुन्हा चालण्यावर आला. शाळेत त्याच्या वर्गशिक्षिकेनं सांभाळून घेतलं; मधल्या सुट्टीपर्यंत बसायचा, मग घरी. त्या बाईंनी कन्कशनविषयी आधी काही वाचलं नव्हतं, पण पोर खोटं बोलत नाही एवढा विश्वास त्यांच्यापाशी होता, आणि तेवढ्यानं काम झालं.

एवढी घाई का करायची नाही? कारण पहिला मार भरून आलेला नसताना दुसरा बसला तर मेंदू झपाट्यानं सुजतो. हे क्वचितच होतं, पण होतं ते बहुतेक कोवळ्या वयात, आणि त्यातून वाचणं कठीण असतं. उत्तर आयर्लंडमधला बेन रॉबिन्सन चौदा वर्षांचा होता. २०११ च्या जानेवारीत शाळेच्या रग्बी सामन्यात त्याला एकामागोमाग एक मार बसले, तो खेळत राहिला, कोसळला आणि दोन दिवसांनी गेला. चौकशीनंतर २०१३ मध्ये मृत्यूचं कारण नोंदवलं गेलं ते सेकंड इम्पॅक्ट सिंड्रोम. अमेरिकेतला झॅकरी लिस्टेट तेरा वर्षांचा होता. २००६ मध्ये डोक्याला लागल्यानंतर त्याला पुन्हा मैदानात उतरवलं. तो जगला, पण बोलणं-चालणं पुन्हा मुळाक्षरांपासून शिकत. त्याच्या नावानं वॉशिंग्टन राज्यानं २००९ मध्ये कायदा केला. कन्कशनचा संशय आला तरी मुलाला बाहेर काढायचं, आणि लायक वैद्यकीय माणसानं लेखी दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. पुढच्या पाच वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. त्यातला 'संशय आला तरी' हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. खात्री होईपर्यंत थांबायचं ठरवलं तर मैदानावर ती कधीच होत नाही.

मराठी घरांत क्रिकेटचं उदाहरण दिल्याशिवाय गोष्ट पटत नाही, म्हणून तेही सांगते. १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरांच्या डोक्यावर बसला, कवटी फुटली. फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिलं. आपले बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर यांनीही दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. १९९८ मध्ये ढाक्यात फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेट न घालता उभे असलेले रमण लांबा गेले. २०१४ च्या नोव्हेंबरात सिडनीत फिलिप ह्यूज गेला. हे कन्कशनच्या पलीकडचे, जीवघेणे मार होते. पण त्यांनीच क्रिकेटला जागं केलं. १ ऑगस्ट २०१९ पासून आयसीसीनं कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी दुसरा पूर्ण खेळाडू घ्यायला परवानगी दिली. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तपासण्या झाल्या, सगळ्यांत तो पास झाला, परत येऊन ९२ धावांपर्यंत गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं जड झालं, गरगरायला लागलं. मार्नस लबुशेन त्याच्या जागी आला आणि पुढच्या कसोटीत स्मिथ बसून राहिला. लक्षणं उशिरानं येतात, हे याहून स्वच्छ दुसरं उदाहरण नाही. मैदानावर ठीक दिसला म्हणजे ठीक आहे, असं कुणीच समजू नये.

आता त्याहून अवघड भागाकडे येते. एका मोठ्या मारापेक्षा वर्षानुवर्षे बसलेले लहान लहान मार काय करतात?

माझे काका जुन्या चामड्याच्या चेंडूनं खेळलेले. पावसात तो चेंडू पाणी पिऊन दगड व्हायचा आणि हेड केला की त्याची वादी कपाळावर उमटायची, असं ते अभिमानानं सांगायचे. त्याच काळात इंग्लंडमध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा जेफ अ‍ॅस्टल हेडिंगसाठी नावाजलेला होता. २००२ मध्ये, अवघ्या ५९ व्या वर्षी, तो स्मृतिभ्रंशानं गेला. चौकशी करणाऱ्या कॉरोनरनं त्याच्या मृत्यूला व्यवसायातून जडलेला आजार म्हटलं. खाणीतल्या मजुराच्या फुप्फुसाला जसं म्हणतात तसं, फुटबॉलपटूच्या मेंदूला. २०१४ मध्ये ग्लासगोच्या डॉ. विली स्टुअर्ट यांनी त्याचा मेंदू पुन्हा तपासला आणि त्यांना सीटीई सापडला, म्हणजे डोक्याला वारंवार बसलेल्या मारांनी मेंदू झिजत जाण्याचा विकार. बॉक्सरांमध्ये १९२८ पासून ओळखीचा असलेला, आणि डॉ. बेनेट ओमालू यांनी पिट्सबर्गमध्ये माइक वेब्स्टर या अमेरिकन फुटबॉलपटूच्या मेंदूत पाहिलेला, तोच विकार. ओमालूंनी २००५ मध्ये तो प्रसिद्ध केला तेव्हा तिथल्या लीगशी जोडलेल्या डॉक्टरांनी लेख मागे घ्या म्हणून दबाव आणला होता. लेख मागे गेला नाही.

स्टुअर्ट यांच्याच चमूनं २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तेवीस हजारांवर सामान्य माणसांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. मेंदूच्या झिजेच्या आजारानं मृत्यू येण्याचं प्रमाण खेळाडूंत साडेतीन पट निघालं. साडेतीन पट ऐकून छातीत धस्स होतं, म्हणून पूर्ण आकडा सांगते: खेळाडूंत १.७ टक्के, इतरांत ०.५ टक्के. आणि त्याच अभ्यासात हृदयविकारानं आणि फुप्फुसाच्या कर्करोगानं जाणारे खेळाडू इतरांपेक्षा कमी होते. खेळ माणसाला जगवतो, हेही त्याच कागदांत लिहिलेलं आहे. पुढे २०२१ मध्ये जागेप्रमाणे फोड केली तेव्हा बचावपटूंत धोका सर्वांत जास्त आढळला आणि गोलकीपरांत जवळजवळ सामान्य माणसाइतकाच. गोलकीपर हेड मारत नाही. यावरून सगळं हेडिंगवर ढकलता येईल का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, आणि तो असायला हवा. पण माझा भाचा फुलबॅक आहे, ही गोष्ट मला तो अभ्यास वाचल्यापासून विसरता आलेली नाही.

वाद मिटेपर्यंत काही देश थांबले नाहीत. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं २०१५ च्या शेवटी दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केलं. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडनं २०२० मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या सरावातून ते काढलं. स्कॉटलंडच्या व्यावसायिक क्लबांत २०२२ पासून सामन्याच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशी सरावात हेडिंग नाही. मी स्वतः या बाबतीत सावध पक्षाची आहे. बारा वर्षांखालच्या पोरांना पायांनी खेळायला शिकवा, हेडिंगचं तंत्र नंतर फुग्यासारख्या हलक्या चेंडूनं शिकवता येतं. काही कोच म्हणतात, टीचर, मग पोरं मागे पडतील. कशात मागे पडतील? दहाव्या वर्षी हेडरवर मिळालेली ट्रॉफी पुढे कुणाच्या लक्षात राहते?

मुलींबद्दल तर बोलायलाच हवं. सारख्याच खेळात मुलींमध्ये कन्कशनचं प्रमाण जास्त दिसतं. मानेचे स्नायू, हार्मोन्स, की मुली त्रास मोकळेपणानं सांगतात म्हणून, यावर एकमत नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला मुलींचा संघ जमवायला घरोघर जाऊन आयांना पटवावं लागायचं. आता मुली स्वतःहून बूट मागतात. त्यांचा हा खेळ सुटू नये असं वाटत असेल तर त्यांच्या डोक्याची काळजी आपणच आधी घ्यायला हवी.

गोव्याला मैदानावरचा मृत्यू अनोळखी नाही. २००४ च्या डिसेंबरात बंगळूरला फेडरेशन कपच्या फायनलमध्ये धेंपो क्लबचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्टियानो ज्युनियर दुसरा गोल करताना गोलकीपरला धडकून कोसळला आणि उठलाच नाही. कारण हृदय बंद पडण्याचं होतं, डोक्याचं नव्हतं. पण त्या रात्री गोव्यातल्या घराघरांत एकच चर्चा होती की मैदानावर वेळेत मदत का पोहोचली नाही. धेंपोनं त्याचा दहा नंबर पुन्हा कुणाला दिला नाही. गावच्या स्पर्धांत मात्र आजही कुठे रुग्णवाहिका उभी असते, कुठे १०८ ला फोन करायचा एवढंच ठरलेलं असतं.

म्हणून या पावसाळ्यात मी आमच्या भागातल्या एका स्पर्धेच्या समितीपुढे जाऊन बसले. खर्चाचं काहीच मागितलं नाही. तीन गोष्टी मांडल्या. फॉर्मच्या मागच्या बाजूला धोक्याच्या खुणा छापा: वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातापायांत मुंग्या किंवा कमजोरी, दोन-दोन दिसणं, मान दुखणं, गुंगी चढत जाणं. यातलं एकही दिसलं तर तडक बांबोळी. दुसरं, डोक्याला लागलेल्याला बोटं किती असं विचारू नका. मॅडॉक्स नावाच्या तज्ज्ञांनी १९९५ मध्येच दाखवलंय की खेळाडूला खेळाचंच विचारावं: आपण कुठल्या मैदानावर आहोत, कितवा हाफ चालू आहे, शेवटचा गोल कुणी केला, मागचा सामना कुणाशी होता, तो जिंकलो का? एक जरी चुकलं तरी बाहेर. सगळी बरोबर आली म्हणून आत, असं मात्र नाही. संशय असेल तर बाहेरच. आणि तिसरं, डोक्याला लागलेल्याच्या जागी जादा बदली खेळाडू द्या, म्हणजे कुठल्या कोचवर दहा जणांनिशी खेळायची पाळी येणार नाही.

पहिल्या दोन गोष्टींना माना हलल्या. तिसरीवर गलका झाला. एक जण म्हणाला, पुण्यात काय झालं पाहिलं ना, २०२५ च्या जानेवारीत क्रिकेटमध्ये इंग्लंडविरुद्ध डोक्याला लागलेल्या शिवम दुबेच्या जागी गोलंदाज हर्षित राणा आला आणि तीन विकेट घेऊन गेला. आमच्याकडे तर पोरं मुद्दाम पडतील. शंका रास्त होती. फुटबॉलच्या नियमकर्त्यांनी तिचं उत्तर काढून ठेवलेलं आहे. २०२१ पासून त्यांनी कन्कशनच्या जादा बदलीची चाचणी घेतली, २०२४ च्या जुलैपासून स्पर्धांना तो पर्याय कायमचा खुला केला, आणि त्यात एक अट घातली: एका संघानं अशी बदली घेतली की दुसऱ्यालाही एक जादा बदली मिळते. मग नाटक करून फायदा कसला? हे सांगितल्यावर गलका ओसरला.

अडलं ते पुढे. बाहेर काढायचा शब्द कुणाचा? रेफरी म्हणाले, आम्हाला आधीच शिव्या कमी पडतात का? कोच आपल्या संघाचे. आईबाप तर त्याहून आपल्या पोराचे. मी म्हटलं, दोन्ही गावांशी ज्याचा संबंध नाही असा एक माणूस टचलाइनवर बसवा, शिक्षक असो की नर्स, आणि त्यानं हात वर केला की रेफरीनं खेळ थांबवायचा, त्यावर अपील नाही. बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं की मोठ्यांच्या स्पर्धेत लगेच नको, आधी येत्या मे महिन्यातल्या चौदा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धेत करून पाहू. मला तेच हवं होतं, कारण कोवळ्या मेंदूंनाच सावरायला जास्त वेळ लागतो. त्या खुर्चीत बसायला मी माझं नाव दिलंय. आरोग्य केंद्रातल्या एका नर्सबाईंना सोबत घ्यायचं आहे, त्यांच्या रविवारच्या ड्यूट्या कशा लागतात ते अजून विचारायचं आहे.